सनरूफ असलेल्या ई-४६ एम-३ चा टप काढून कार्बन फायबरचा बसवावा का?

नेकरकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि माझ्याकडे बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतली २००३ सालची एम-३ कूपे आहे. तीन वर्षांपूर्वी तिला रोजच्या कामातून मोकळे केले. तेव्हापासून ती वर्षातले सात-आठ दिवस हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर आणि अधूनमधून न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर धावते. नंबरप्लेट अजून आहे आणि ती मला ठेवायचीही आहे, कारण नॉर्डश्लाइफेवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्यांना रस्त्याचेच नियम लागू होतात आणि रीतसर नोंदणी असलेली गाडीच आत घेतली जाते. शिवाय ट्रेलर ओढण्यासाठी माझ्याकडे दुसरी गाडी नाही.

मागची बाके, गालिचे, आवाज अडवणारे थर आणि स्पीकर यापूर्वीच निघाले आहेत. चारही चाकांखाली काटे ठेवून तोलली तेव्हा गाडी चालकाविना १४१० किलो भरली. येत्या हिवाळ्यात पूर्ण रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) वेल्ड करून घेण्याचे ठरले आहे आणि त्याच वेळी लोखंडी टप काढून कार्बन फायबरचा बसवावा असा विचार मनात घोळतो आहे. याच पिढीतल्या २००३ च्या सीएसएल आवृत्तीला कंपनीनेच कार्बनचा टप दिला होता. ती गाडी साध्या एम-३ पेक्षा ११० किलोंनी हलकी होती, मात्र त्यात टपाचा वाटा जेमतेम सहा-सात किलोंचा होता, असे वाचले आहे.

माझ्या गाडीला सनरूफ आहे, आणि माझी खरी अडचण तिथूनच सुरू होते. बाजारात मिळणारे बहुतेक कार्बनचे टप सनरूफ नसलेल्या गाडीच्या सांगाड्यावर बसतील असे बनवलेले दिसतात. टप काढल्यावर खाली काय उरेल, आडव्या पट्ट्या कुठून आणायच्या, नवा टप चिकटवायचा की रिव्हेट मारायचे, आणि ट्युफचा (जर्मनीत गाड्यांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेचा) तपासनीस हे सगळे पाहून काय म्हणेल, याचे चित्र मला अजून स्पष्ट झालेले नाही. त्याहून मूलभूत शंका अशी की पाच-सात किलोंसाठी गाडीची कवटी उघडणे शहाणपणाचे आहे का. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गुरुत्वमध्य

प्रथम हिशेब मांडू, कारण या विषयात आकडे कमी आणि छायाचित्रेच जास्त फिरतात.

टपाचे क्षेत्रफळ सुमारे १.५ चौरस मीटर आणि पत्र्याची जाडी ०.७५ मिलिमीटर धरली, तर लोखंडी पत्र्याचे वजन ८.८ किलोंच्या आसपास येते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा दीड मिलिमीटर जाडीचा कार्बनचा टप साडेतीन किलो भरतो. फरक सव्वापाच किलोंचा दिसतो, पण चिकटवण्याच्या अ‍ॅडहेसिव्हचे वजन त्यातून वजा केले की हाती पाच किलो उरतात. गाडीच्या टाकीत सात लिटर पेट्रोल कमी भरले तरी एवढे वजन कमी होते.

अर्थात ते पेट्रोल मागच्या बाकाखाली असते आणि टप जमिनीपासून सव्वा मीटरहून वर असतो, हा मुद्दा कोणीतरी काढणारच, आणि तो योग्यच आहे. म्हणून उंचीचाही हिशेब करू. चालकासह वजन १४९० किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटर उंचीवर धरू. हे दुसरे गृहीतक आहे, पण दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. १.३३ मीटर उंचीवरून पाच किलो काढले की गुरुत्वमध्य जेमतेम तीन मिलिमीटरने खाली येतो. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर एक जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार ४९७ किलोंवरून ४९२ किलोंवर येतो. चालकाला हा फरक स्टिअरिंगमध्ये जाणवेल असे मला वाटत नाही. टायरमधल्या हवेच्या दाबातला किरकोळ फरकसुद्धा याहून आधी कळतो.

आता सनरूफ पाहा. काच, तिची चौकट, रूळ, मोटर आणि तारा या सगळ्यांचे मिळून १७ किलो धरू. तुमचे सनरूफ निघाल्यावर तुम्ही ते तोलालच. पत्र्याचे पाच आणि सनरूफचे सतरा असे बावीस किलो टपाच्या उंचीवरून गेले, तर गुरुत्वमध्य जवळजवळ १२ मिलिमीटर खाली येतो आणि त्याच वळणात सरकणारा भार ४७७ किलोंपर्यंत उतरतो. म्हणजे सुमारे साडेएकोणीस किलोंचा फरक पडतो. गाडी बारा मिलिमीटरने खाली बसवण्यासाठी लोक नवे स्प्रिंग विकत घेतात, आणि वर सस्पेन्शनची भूमिती बिघडली म्हणून तक्रार करतात. इथे भूमितीला धक्काही न लावता तोच लाभ मिळतो.

पण हे आकडे नीट वाचले तर त्यांतून निघणारा अर्थ तुमच्या प्रश्नाहून वेगळा आहे. बावीसपैकी सतरा किलो सनरूफचे आहेत, कार्बनचे नाहीत. सनरूफ नसलेल्या ई-४६ कूपेचा साधा लोखंडी टप आणून कारखान्यात होता तसाच वेल्ड केला, तरी लाभाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पदरात पडतो. त्यात अ‍ॅडहेसिव्हची काळजी नाही, गंजाचा नवा प्रश्न नाही आणि तो टप त्याच गाडीचा मूळ सुटा भाग असल्याने कागदपत्रांची बाजूही सोपी राहते. राहिलेल्या पाच किलोंसाठी कार्बनचा खर्च करावा की नाही हा हौसेचा प्रश्न आहे, आणि हौसेला मोल नसते हे मलाही मान्य आहे. फक्त त्या हौसेला तांत्रिक गरजेचे नाव देऊ नये.

विषयाला थोडे सोडून एक सूचना करतो. या पिढीच्या गाड्यांमध्ये मागचा सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन पेलणारी चौकट) जिथे बोल्टने बसतो, तिथल्या पत्र्याला तडे जाण्याची सवय सर्वश्रुत आहे. आपण तिथे प्लेटा वेल्ड करून घेतल्या आहेत का? नसल्यास टपाचा विचार वसंतापर्यंत बाजूला ठेवावा.

पत्रेकाम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचे डेंटिंगचे गॅरेज होते. पत्रा मी तिथे शिकलो आणि गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये शर्यतीच्या व जुन्या गाड्यांच्या बॉडीचे काम करतो. वरचा हिशेब मला मान्य आहे, तरी त्यात न आलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे.

रोल केज वेल्ड करणार असाल, तर टप काढण्याचे सर्वांत मोठे कारण टपाच्या वजनात नसून केजच्या वेल्डमध्ये आहे. मुख्य कमानीची, म्हणजे चालकाच्या मागून टपाखाली जाणाऱ्या कमानीची, नळी टपाला जितकी जवळ तितकी चालकाच्या डोक्यापासून ती लांब राहते आणि गाडीचा खांबही तिच्याशी पट्ट्यांनी जोडता येतो. पण टप जागेवर असताना त्या नळीच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च जात नाही. मग वेल्डर एक तर केज इंच-दीड इंच खाली आणतो, नाहीतर जमिनीच्या पत्र्याला भोके पाडून केज खाली सोडतो, वरचे सांधे वेल्ड करतो आणि पुन्हा वर उचलतो. तिसरा प्रकार म्हणजे सांध्याचा वरचा भाग वेल्ड न करताच सोडून देणे. तो मी तपासणीला आलेल्या गाड्यांत आरसा घालून पाहिला आहे; खालून सुंदर मण्यांची माळ आणि वर कोरडी फट. एफआयएच्या (जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या) नियमात मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ मिलिमीटर जाडीची किंवा ५० मिलिमीटर व्यासाची २ मिलिमीटर जाडीची नळी सांगितली आहे, परंतु सांधा अर्धवट असेल तर नळीच्या जाडीला काही अर्थ उरत नाही. टप उघडा असला की प्रत्येक सांधा चहूबाजूंनी पूर्ण वेल्ड होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडी समतल ठेवून, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि टप कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत तात्पुरते तिरके आधार लावावेत. पुढची व मागची काच काढावीच लागते, कारण काच ज्या कडेला चिकटलेली असते त्या कडेचा वरचा पत्रा टपाचाच असतो. ई-४६ ला टपाच्या कडेच्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) आहेत. बॅटरी सोडवून, पुरेसा वेळ जाऊ देऊन, जाणकाराकडूनच त्या काढून घ्याव्यात. तिथे धाडस नको. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या पन्हळीवरच्या रबरी पट्ट्या उचकटल्या की स्पॉट वेल्डची (पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणाऱ्या वेल्डची) ओळ उघडी पडते.

इथे घाई केली की नुकसान होते. तारेच्या ब्रशने रंग घासला की प्रत्येक वेल्डचा गोल खळगा दिसतो. आठ मिलिमीटरचा स्पॉट वेल्डचा कटर त्यावर सरळ धरून, हळू, फक्त वरचा पत्रा कापायचा असतो. हात थांबवण्याची खूण अशी की कापलेल्या वर्तुळाच्या तळाशी दोन पत्र्यांमधल्या प्रायमरचे करडे कडे दिसू लागते. ते दिसल्यावरही कटर दाबत राहिलात, तर खालच्या पन्हळीला भोक पडते आणि ती पन्हळच पुढे नव्या टपाची बैठक असते. शंभराहून अधिक वेल्ड असतात. माझे वडील म्हणत, पत्रा काढणाऱ्याने लावणाऱ्याची आठवण ठेवावी; इथे काढणारा आणि लावणारा एकच असतो, म्हणून ती आठवण ठेवणे आणखीच सोयीचे.

सनरूफच्या गाडीत रुळांना आधार देणारी मजबुतीची चौकट टपाच्या पत्र्यालाच जोडलेली असते, त्यामुळे टपासोबत तीही निघते आणि खाली मोकळे आकाश उरते. सनरूफ नसलेल्या गाडीतल्या आडव्या पट्ट्या तुम्हाला वेगळ्या मिळवाव्या लागतील. मोडीत निघालेल्या गाडीचा टप पट्ट्यांसकट कापून आणणे हा त्यातला सोपा मार्ग. केज त्या पट्ट्यांच्या किती जवळ येतो, हे केजच्या नळ्या वाकवण्यापूर्वी मोजावे. एकदा केज झाला की पट्टी बसत नाही म्हणून कोणी केज कापत नाही, पट्टीच कापली जाते.

रिव्हेटच्या बाबतीत मी स्पष्ट बोलतो. साधे अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट कार्बनमध्ये मारू नयेत. कार्बन विजेचा वाहक आहे आणि गंजाच्या दृष्टीने तो सोन्यासारख्या स्वतः न गंजणाऱ्या धातूंच्या रांगेत बसतो. ओलावा मिळाला की त्याच्या शेजारचे अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजते आणि दोन पावसाळ्यांत रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी फुटते. लोखंडाचेही तेच, फक्त भुकटी तांबडी असते. म्हणून उघड्या झालेल्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर हवा, टपाच्या चिकटणाऱ्या कडेवर काचतंतूंचा एक थर हवा, आणि या दोहोंमध्ये अ‍ॅडहेसिव्हची अखंड जाडी हवी. कार्बनचा धागा आणि लोखंड यांची कुठेही गाठ पडता कामा नये.

आमच्याकडे एक गाडी आली होती. टप दुसऱ्या एका गॅरेजने बसवलेला. मालकाची तक्रार एवढीच की वेगात शिट्टीसारखा आवाज येतो. पुढच्या काचेच्या वरच्या कडेला मी बोटाची नखे घातली आणि टप उचलला गेला. अ‍ॅडहेसिव्ह उत्तम प्रतीचे होते व ते नीट चिकटलेही होते, पण ते चिकटले होते कार्बनवरच्या चकचकीत लॅकरला. लॅकरची पापडी कार्बनपासून सुटून अ‍ॅडहेसिव्हवर तशीच्या तशी राहिली होती, इतकी स्वच्छ की तिच्यात माझा चेहरा दिसत होता. चिकटणाऱ्या कडेवरचे लॅकर आधी घासून काढायला कोणी सांगितले नव्हते, किंवा ते ऐकले गेले नव्हते.

नेकरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मागच्या सबफ्रेमच्या प्लेटा गेल्या वर्षी वेल्ड झाल्या आहेत, त्यामुळे ती चिंता मिटली आहे.

केजच्या सांध्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. केज बनवणाऱ्याला आज दूरध्वनी केला. टप जागेवर असेल तर कमान टपापासून चार सेंटिमीटर खाली ठेवावी लागेल, असे त्याने स्वतःहून मान्य केले. माझी उंची सहा फूट एक इंच असल्याने शिरस्त्राण घातल्यावर ते चार सेंटिमीटर मला पाच किलोंपेक्षा मोलाचे आहेत. म्हणजे टप निघणार हे जवळपास नक्की झाले. तिथे पुन्हा लोखंड बसवायचे की कार्बन, एवढाच प्रश्न उरतो. कार्बनची निवड केली तर चांगला टप ओळखायचा कसा, आणि चिकटवलेला टप वेगात टिकेल याची खात्री कशी बाळगायची?

तंतू आणि राळ

पुण्यात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात संमिश्र पदार्थांच्या कारखान्यात काम करतो. आमचे काम गाड्यांच्या टपांचे नसले, तरी तंतू आणि त्यांना बांधणारी राळ (रेझिन) सगळीकडे सारखेच वागतात.

टिकण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ताशी २०० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब साधारण १८५० पास्कल होतो. टपावरून हवा वेगाने सरकते, म्हणून तिथे दाब कमी होऊन टप वर ओढला जातो. सरासरी दाबगुणांक उणे ०.४ धरला तरी दीड चौरस मीटरवर अकराशे न्यूटन, म्हणजे शंभर किलोंहून अधिक ओढ येते. खिडक्या उघड्या असतील तर आतली हवा खालून ढकलते ती वेगळी. कडेभोवती साडेचार-पाच मीटर लांब आणि पंधरा मिलिमीटर रुंद चिकटपट्टी मिळत असेल, तर ही ओढ अ‍ॅडहेसिव्हला किरकोळ आहे. मात्र ही झाली सगळ्या पट्टीवर सारखी वाटली गेलेली ओढ. एका कोपऱ्यात सोलण्यास सुरुवात झाली की सगळा जोर त्या एका रेषेवर येतो, आणि सोलण्यापुढे कोणतेही अ‍ॅडहेसिव्ह दुबळेच असते. म्हणून पुढची कड सर्वांत महत्त्वाची. पत्रेकाम यांनी सांगितलेली लॅकरची गोष्ट सर्वांनी दोनदा वाचावी.

दुसरा शत्रू ऊन. लोखंड एका अंशाला दर मीटरमागे बारा मायक्रोमीटर वाढते; विणलेल्या कार्बनचा टप, थरांची दिशा नीट वाटलेली असेल तर, दोन-तीन मायक्रोमीटरच. दहा अंशांच्या गॅरेजमध्ये चिकटवलेला काळा टप उन्हात सत्तर-ऐंशी अंशांवर जातो. खालचा सांगाडा तेवढा तापत नाही असे धरले, तरी सव्वा मीटरच्या लांबीत दोघांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास तफावत पडते. ती दोन टोकांत विभागली जाते. दोन मिलिमीटर जाडीचे लवचीक पॉलियुरेथेन ती सहज पचवते. हीच पट्टी पाव मिलिमीटर जाडीच्या कडक इपॉक्सीची असेल, तर ते ताण टपात उतरवते आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर टपाच्या कडेने आतल्या पट्टीचा आकार बाहेर उमटलेला दिसतो. जाडी हाताच्या अंदाजावर सोडू नये. दोन मिलिमीटरचे रबरी ठोकळे ठरावीक अंतरावर आधी चिकटवून ठेवावेत आणि टप त्यांच्यावर टेकवावा.

आता टप पारखण्याविषयी. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात नेहमी वरची बाजू असते. आपण खालची मागावी. वर कार्बनचा एक थर आणि खाली सगळे काचतंतू असा माल बाजारात भरपूर आहे. तो खालून पांढुरका किंवा हिरवट दिसतो किंवा काळ्या रंगाने झाकलेला असतो. झाकलेला असल्यास कारण विचारावे. नंतर वजन. हिशेबात साडेतीन किलो आले आहेत. सात किलोंचा "कार्बन" टप आला तर लोखंडाने काय पाप केले होते? तिसरी कसोटी नाण्याची. रुपयाचे असो वा युरोचे, नाणे दर दोन इंचांवर हलकेच वाजवत जावे. आवाज टणक व एकसारखा हवा. मध्येच बद्द वाजले, तर तिथे थर सुटले आहेत किंवा राळ पोहोचलेली नाही.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे राळेची उष्णता सोसण्याची मर्यादा. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली साधी इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. टप त्याहून जास्त तापतो, म्हणजे तो वरून काचेसारखा दिसत असला तरी उन्हात आपला आकार विसरतो. साच्यातून काढण्यापूर्वी किंवा नंतर भट्टीत पायरीपायरीने तापवून राळ पक्की केली होती का, आणि किती अंशांवर, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा. ज्याने ते केले आहे तो आकडा लगेच सांगतो. शेवटी, इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, त्यामुळे वर अतिनील किरणे अडवणारे लॅकर लागतेच; फक्त ते चिकटणाऱ्या कडेवर नको. आणि टपाला कापणे-घासणे असेल तर गाडीच्या जवळ नको, तोंडावर पी-३ दर्जाचा मुखवटा हवा. त्या धुळीतले तंतू वीज वाहतात. ते वायरिंगच्या जोडण्यांत शिरले की दोष शोधताना पुढची दोन वर्षे जातात.

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. इथे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकसाठी गाडी सजवणाऱ्यांनी ती ट्रेलरवर नेण्याची तयारी ठेवावी.

म्युनिककर

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण नंबरप्लेट ठेवायची आहे असे आपण पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहे.

जर्मनीत वाहन-नोंदणी नियमावलीच्या, म्हणजे एसटीव्हीझेडओच्या, कलम १९ नुसार इतरांना धोका संभवेल असा बदल केला की गाडीची चालवण्याची मान्यता आपोआप संपुष्टात येते. कोणी येऊन ती काढून घ्यावी लागत नाही. टप हा बंपर किंवा बोनेट नव्हे. तो सांगाड्याच्या ताकदीचा भाग आहे. टपासोबत त्याच गाडीच्या मॉडेलचे नाव असलेले टाइलेगुटआख्टन (सुट्या भागाचा तज्ज्ञ-तपासणी अहवाल) मिळत असेल, तर काम सोपे होते. विक्रेते "मोटरस्पोर्टसाठीच" असे बारीक अक्षरांत लिहून मोकळे होत असतील, तर उरतो तो कलम २१ नुसार आइन्त्सेलआबनामेचा मार्ग, म्हणजे तज्ज्ञाकडून त्या एकाच गाडीची तपासणी.

त्या मार्गाने जाणार असाल तर तपासनिसाला काम झाल्यावर भेटू नये, आधी भेटावे. केजचा आराखडा, टपाच्या थरांचा तपशील, अ‍ॅडहेसिव्हचे माहितीपत्रक हे सगळे घेऊन जावे आणि त्याला काय पाहायचे आहे ते त्यालाच विचारावे. त्याने सांगितले तर कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढावीत, कारण टप बसल्यावर सांधा कोणालाच दिसत नाही. तपासनीस नाही म्हणाला तर टप विकत घेण्याआधीच कळलेले बरे. सनरूफ नसलेल्या त्याच मॉडेलचा लोखंडी टप निर्मात्याच्या दुरुस्ती-पद्धतीने बसवला, तर ही सगळी यातायात फारच कमी होते, हे गुरुत्वमध्य यांचे म्हणणे माझ्याही अनुभवाशी जुळते.

शर्यतीत उतरण्याचा विचार पुढे कधी असेल, तर आपल्या वर्गाचे नियम आधी वाचावेत. मूळ बॉडी कायम ठेवण्याची अट असलेल्या वर्गात कार्बनचा टप दिसताच गाडी वरच्या वर्गात ढकलली जाते, आणि तिथे ती शेवटून मोजायला लागते.

नेकरकाठ

शनिवारी सनरूफ बाहेर काढले. काच, चौकट, रूळ आणि मोटर मिळून साडेसोळा किलो भरले. गुरुत्वमध्य यांचा अंदाज अर्ध्या किलोने चुकला. रूळ काढताना वीस वर्षांचे काळे ग्रीस कोपरापर्यंत लागले आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी वाहून नेणारी नळी तोंडाशी पानांच्या चिखलाने बुजलेली निघाली. तिच्या खालच्या पत्र्यावर तांबडी छटा आली आहे, अजून खोल गेलेली नाही. म्हणजे टप उघडण्याला आणखी एक कारण मिळाले.

माझ्या भागातल्या तपासनिसाला जाऊन भेटलो. त्याने कार्बनला सरळ नकार दिला नाही, परंतु टपाच्या ताकदीचा कागद निर्मात्याकडून आणा, मग बोलू, असे सांगितले. दोन विक्रेत्यांना तशी विचारणा केली. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने टपाच्या वरच्या बाजूची आणखी चार छायाचित्रे पाठवली.

तेव्हा निर्णय असा घेतला आहे: सनरूफ नसलेल्या एका कूपेचा लोखंडी टप आडव्या पट्ट्यांसकट मोडीतून मिळतो आहे, तो घेतो. जुना टप जानेवारीत काढायचा, केजचे सगळे वरचे सांधे चहूबाजूंनी वेल्ड करायचे आणि मग हा टप वेल्ड करून वर रंग मारायचा. तोपर्यंत ऑक्टोबरमधले दोन दिवस ट्रॅकवर जायचे आहे, तेव्हा सनरूफच्या जागी तात्पुरती प्लेट बसवणार आहे. पत्रेकाम यांना शेवटचा प्रश्न: त्या प्लेटसाठी काय वापरावे, आणि पाण्याच्या चार नळ्यांचे काय करावे?

पत्रेकाम

दोन महिन्यांसाठी दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरे. टपाच्या वळणाप्रमाणे हाताने वाकवा, भोकाच्या कडेवर चहूबाजूंनी वीस मिलिमीटर येईल एवढा ठेवा आणि काचेच्या पॉलियुरेथेनने चिकटवा. रिव्हेट नकोत, जानेवारीत तारेने कापून काढता आला पाहिजे. पुढच्या कडेवर एक रुंद चिकटपट्टी ओढून घ्या, म्हणजे हवा खाली शिरणार नाही.

नळ्या आताच ओढून काढा. खांबांतली त्यांची वरची तोंडे बंद करा, पण खालची तोंडे मोकळी ठेवा, नाहीतर आत साठलेला ओलावा बाहेर पडायला वाट राहणार नाही. डाव्या कोपऱ्यातला तांबडा भाग आज घासून प्रायमर मारून ठेवा; जानेवारीपर्यंत तो तुमची वाट पाहत थांबणार नाही. आणि मोडीतला टप उचलण्याआधी त्याच्या पुढच्या कडेखाली बोट फिरवून पाहा. पुढची काच कोणी घाईने कापून काढली असेल, तर कडेला सुरीचे ओरखडे असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.